रीसेट झाला, रिस्टोअर झाला, तरी प्लेअर पुन्हा अडकतोच: आता काय तपासायचं?

गाणं मध्येच थांबतं, पडदा गोठतो, कुठलंही बटण दाबा, काही होत नाही. दोन बटणं एकदम दाबून धरली की प्लेअर नव्याने सुरू होतो आणि काही दिवस बरा चालतो. मग पुन्हा तेच. शेवटी वैतागून रिस्टोअर करायचं, सगळी गाणी पुसली जाणार, ती परत भरण्यात अख्खी संध्याकाळ जाणार, आणि थोड्याच दिवसांत पडदा पुन्हा गोठलेला. जुना आयपॉड किंवा तशाच जातीचा प्लेअर सांभाळणाऱ्यांना हे चक्र चांगलं ओळखीचं असेल.

हे चक्र तुटत नाही, कारण रीसेट आणि रिस्टोअर नेमकं कुठे काम करतात हे आपण बघत नाही. रीसेट म्हणजे प्लेअरचा प्रोसेसर सक्तीने पुन्हा सुरू करणं. चालू मेमरीत जे काही गुंतलेलं असेल ते साफ होतं, पण गाणी, प्लेलिस्ट, सेटिंग जागच्या जागी राहतात. रिस्टोअर त्याहून खोल जातं: संगणक डिस्कची मांडणी नव्याने करतो, फर्मवेअर, म्हणजे प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, पुन्हा लिहितो आणि गाण्यांची यादी कोरी करतो. झिजलेली हार्ड डिस्क, सैल झालेली आतली पट्टी (भाग जोडणारी चपटी केबल) किंवा थकलेली बॅटरी यांना मात्र दोन्हींपैकी कशानेच हात लागत नाही. म्हणून समस्या परत आली की उपाय पुन्हा करण्याआधी ती कशी परत आली हे बघायचं. त्याच गाण्यावर अडकला का? संगणकाला जोडल्यावरच अडकतो का? अडकताना आतून आवाज येतो का? की बॅटरी निम्म्यावर आली की बंद पडतो? निम्मं निदान या उत्तरांतच होतं.

आधी चार्जिंग आणि होल्ड

दोन फुटकळ गोष्टी आधी उरकून घ्या. वरच्या कडेला होल्डचा स्विच असेल तर तो एकदा चालू करून पुन्हा बंद करा. स्विच अर्धवट सरकलेला असला तरी चाक आणि बटणं प्रतिसाद देत नाहीत, आणि प्लेअर मेला असं वाटतं.

दुसरं चार्जिंग. बॅटरी पार उतरलेली असेल तर चार्जरला लावल्या लावल्या पडद्यावर काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. अर्धा तास तसाच राहू द्या. चार्जिंगसाठी कीबोर्डवरचा यूएसबी पोर्ट किंवा स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब वापरू नका. तिथून पुरेशी वीज मिळत नाही. संगणकाचा मागचा पोर्ट किंवा भिंतीवरचा चार्जर बरा. जुन्या ३० पिनांच्या केबली वरून धडधाकट दिसतात आणि आत तुटलेल्या असतात, त्यामुळे दुसरी केबल लावून पाहिल्याशिवाय प्लेअरवर ठपका ठेवू नये.

मग रीसेट. क्लिक व्हील असलेल्या आयपॉडवर, म्हणजे मिनी, क्लासिक आणि पाचव्या पिढीपर्यंतच्या नॅनोवर, मेन्यू आणि मधलं बटण एकत्र ६ ते ८ सेकंद दाबून धरायचं, सफरचंदाचं चिन्ह दिसेपर्यंत. त्याआधीच्या, पहिल्या तीन पिढ्यांच्या आयपॉडवर मेन्यू आणि प्ले ही जोडी. सहाव्या पिढीच्या चौकोनी नॅनोवर वरचं स्लीप बटण आणि आवाज कमी करण्याचं बटण, सातव्या नॅनोवर स्लीप आणि होम. शफलला पडदाच नाही, तेव्हा तो संगणकापासून काढायचा, स्विच बंद करायचा, १० सेकंद थांबायचं आणि पुन्हा चालू करायचा. बोटं एकाच क्षणी टेकली नाहीत तर चाकाचे आयपॉड दाद देत नाहीत. सपाट टेबलावर ठेवून दोन अंगठ्यांनी दाबलं की जमतं.

रीसेटने सगळंच सुटतं असं नाही, याचं एक नामी उदाहरण आहे. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून प्लेअर जगभर एकाच दिवशी सुरुवातीच्या पडद्यावर अडकले. ते लीप वर्ष होतं आणि तो वर्षाचा ३६६ वा दिवस. तारीख काढणाऱ्या कोडमध्ये हा दिवस आला की हिशेब संपायचाच नाही, तेच चक्र फिरत राहायचं. प्लेअर कितीही वेळा सुरू करा, घड्याळ तोच दिवस वाचणार आणि तिथेच अडकणार. कंपनीने सांगितलेला उपाय असा: बॅटरी पूर्ण उतरू द्या, ग्रीनिच वेळेनुसार १ जानेवारीची दुपार होऊ द्या, मग चार्ज करून चालू करा. बिघाडाचं कारण जागेवर असेल तर पुन्हा सुरू केल्याने तो पुन्हा होतो, एवढंच यातून घ्यायचं.

त्याच गाण्यावर अडकतोय?

मग डिस्कला बोल लावण्याआधी त्या फाइलकडे बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइल, बिघडलेले टॅग (फाइलीतच साठवलेली गायक, अल्बम, गाण्याचं नाव अशी माहिती) किंवा टॅगमध्ये कोंबलेलं अवाढव्य मुखपृष्ठाचं चित्र एवढं कारण प्लेअरला गोठवायला पुरतं. पाचव्या पिढीच्या ३० जीबीच्या आयपॉडमध्ये मेमरी होती ३२ एमबी. डिस्क सतत फिरत ठेवली तर बॅटरी लगेच संपेल, म्हणून तो पुढची गाणी आधीच मेमरीत भरून घेतो आणि डिस्क थांबवतो. लॉसलेस, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेली मोठाली गाणी घातली की मेमरी पटकन भरते, डिस्क वारंवार जागी होते आणि प्रत्येक जागं होणं म्हणजे अडखळण्याची एक संधी. संशयित गाणं प्लेअरवरून काढा, संगणकावर ते शेवटपर्यंत वाजतं का बघा, टॅग साफ करून पुन्हा भरा. तरीही तिथेच अडकला तर मात्र डिस्कचा तो तुकडा खराब आहे असं धरायला जागा आहे. ताळा करण्यासाठी तीच फाइल दुसऱ्या प्लेअरवर वाजवून बघता येते.

सॅनडिस्कच्या क्लिपसारख्या छोट्या प्लेअरवर याचीच दुसरी तऱ्हा दिसते. चालू केल्यावर तो गाण्यांची यादी ताजी करायला बसतो आणि पट्टी एका जागी खिळते. बहुतेकदा शेवटी भरलेल्या फाइलींपैकी एखादी त्याच्या पचनी पडलेली नसते. पॉवर बटण १५ ते २० सेकंद दाबून धरा, बंद झाला की संगणकाला जोडा, नुकत्याच भरलेल्या फाइली काढा आणि मग थोड्या थोड्या करून परत टाका. मेमरी कार्ड घातलेलं असेल तर आधी ते बाहेर काढून चालू करून बघा, कारण दोष पुष्कळदा कार्डात असतो. फॉरमॅट करायचीच वेळ आली तर ती प्लेअरच्या स्वतःच्या मेन्यूतून करा. संगणकावरून चुकीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली मेमरी काही प्लेअर ओळखतच नाहीत, आणि एका समस्येच्या दोन होतात.

‘गाणी शून्य’ दिसतात, पण जागा भरलेली आहे

हा प्रकार पाहून लोक घाबरून लगेच रिस्टोअर दाबतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त गाणी अशीच विनाकारण जातात. आयपॉड गाणी फोल्डर बघून शोधत नाही. त्याच्याकडे एक यादीची फाइल असते आणि मेन्यूत दिसतं ते सगळं तिथून येतं. कॉपी चालू असताना केबल ओढली, किंवा ‘इजेक्ट’ न करता प्लेअर काढला की ही यादी अर्धवट लिहिली जाते. गाणी डिस्कवर सुखरूप असतात, यादी तेवढी बिघडलेली असते. आयट्यून्समध्ये, म्हणजे ॲपलच्या संगणकावरच्या संगीत प्रोग्राममध्ये, जागेच्या पट्टीत ‘अदर’चा भाग फुगलेला दिसला तर ओळखायचं की हेच झालंय.

रिस्टोअरच्या आधी ती गाणी बाहेर काढता येतात. त्यासाठी आयपॉड डिस्क मोडमध्ये न्यायचा. आधी नेहमीसारखा रीसेट, आणि सफरचंद दिसताच बोटं बदलून मधलं बटण आणि प्ले दाबून धरायचं. पहिल्या तीन पिढ्यांत इथे मागचं आणि पुढचं गाणं ही जोडी. डिस्क मोडचा पडदा आला की आयपॉड एखाद्या बाहेरच्या डिस्कसारखा वागतो. संगणकावर लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करा. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबले की त्या दिसतात, विंडोजवर फोल्डरच्या ‘व्ह्यू’ पर्यायांत ती सोय आहे. मग ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचा फोल्डर, त्यात ‘म्युझिक’, आणि त्यात एफ००, एफ०१ अशी ओळीने फोल्डरं दिसतील. आतल्या फाइलींची नावं चार अक्षरांची आणि निरर्थक असतात. त्याने दचकू नका. गायक, अल्बम, गाण्याचं नाव हे सगळं फाइलच्या टॅगमध्ये असतं आणि संगणकावरच्या संगीत संग्रहात ओढून टाकलं की आपोआप परत लागतं. सगळी फोल्डरं एकदम न ओढता एकेक करून काढा. एखादी फाइल वाचताना कॉपी अडकली तर ती कुठल्या फोल्डरात आहे हे तरी कळेल, आणि बाकीची वाचतील.

आयपॉड मॅकवर फॉरमॅट केलेला असेल तर विंडोज त्याची डिस्क वाचू शकत नाही आणि फॉरमॅट करायची परवानगी मागतं. तिथे घाईने ‘हो’ म्हणू नका. तो मॅकला जोडा आणि गाणी तिकडून काढा. विंडोजवर फॉरमॅट केलेला, म्हणजे फॅट३२ मांडणीचा आयपॉड दोन्हीकडे वाचता येतो.

रिस्टोअर आणि त्याचे नखरे

गाणी सुरक्षित झाली की रिस्टोअर करायला हरकत नाही. विंडोजवर आयट्यून्समधून, जुन्या मॅकवरही आयट्यून्समधून, आणि २०१९ च्या कॅटालिना या मॅक प्रणालीपासून पुढे मॅकवर थेट फाइंडरमधून, म्हणजे फाइली बघायच्या खिडकीतून. आयपॉडच्या पानावर रिस्टोअरचं बटण असतं. काही जुने आयपॉड संगणकावरचं काम संपल्यावर पडद्यावर प्लगचं चित्र दाखवतात. ते बिघाडाचं चिन्ह नाही. भिंतीवरच्या चार्जरला लावल्यावरच उरलेलं फर्मवेअर लिहिलं जातं.

मध्येच चौदाशेच्या घरातला एखादा एरर आकडा दाखवून रिस्टोअर थांबलं, उदाहरणार्थ १४३९, तर तेच बटण पुन्हा दाबण्याआधी तीन गोष्टी बदला: केबल, पोर्ट आणि संगणक. हब मध्ये असेल तर काढा. आयपॉड नुसता लावण्याऐवजी वर सांगितल्याप्रमाणे हाताने डिस्क मोडमध्ये नेऊन मग जोडा. साध्या स्थितीत अडणारं रिस्टोअर डिस्क मोडमधून पुरं होतं असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. विंडोजवर आणखी एक खोच आहे. एखाद्या नेटवर्क ड्राइव्हने जे अक्षर घेतलंय तेच विंडोज आयपॉडला देऊ पाहतं आणि मग आयपॉड दिसेनासा होतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला वेगळं अक्षर द्या.

आयपॉड टचचं सगळं निराळं. तो आतून फोनसारखाच, त्यामुळे सक्तीने सुरू करायला होम आणि वरचं बटण, सातव्या पिढीत आवाज कमी करण्याचं आणि वरचं बटण. तो सफरचंदावरच खिळला असेल तर संगणकाला जोडून तीच बटणं सफरचंद दिसल्यावरही सोडू नका, केबलचं चित्र येईपर्यंत धरा. संगणक दोन पर्याय देतो. आधी ‘अपडेट’ निवडा, त्यात प्रणाली नव्याने बसते आणि तुमचा मजकूर राहतो. तो फसला तरच रिस्टोअर. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर टच आपणहून त्या अवस्थेतून बाहेर पडतो. अशा वेळी डाउनलोड पूर्ण होऊ द्यायचं आणि बटणांची कसरत पुन्हा करायची. दुसऱ्याकडून घेतलेला टच असेल तर रिस्टोअरनंतर तो आधीच्या मालकाचा ॲपल आयडी मागू शकतो, आणि तो मिळाला नाही तर टच वापरणं अवघड होतं. रिस्टोअरच्या आधीच ते खातं त्यातून काढून घ्या.

रिस्टोअर नीट झालं आणि समस्या पुन्हा आली

आता संशय हार्डवेअरवर. फोल्डर आणि उद्गारचिन्ह, किंवा रडवेला आयपॉड असं चित्र येत असेल आणि आतून कटकट ऐकू येत असेल, तर १.८ इंची हार्ड डिस्कने मान टाकायला सुरुवात केली आहे. प्लेअर कानाशी धरून ऐका. सुरू होतानाची हलकी घरघर ठीक, पण तालात येणारी कटकट वाईट. अशा डिस्कवर पुन्हा पुन्हा रिस्टोअर करणं मला तरी निव्वळ घातक वाटतं. प्रत्येक वेळी तिच्यावर नव्याने लिहिलं जातं, आणि उरलेल्या आयुष्यात जी गाणी वाचून घेता आली असती ती संधीही जाते. प्लेअर तळहातावर आपटण्याचा एक जुना तोडगा लोक सांगतात. त्याने कधी कधी सैल पट्टी क्षणभर बसतही असेल, पण फिरत्या डिस्कला झटका देणं म्हणजे होतं नव्हतं ते घालवणं.

कानावर विसंबायचं नसेल तर सहाव्या आणि सातव्या पिढीच्या क्लासिकमध्ये डिस्कची प्रकृती आकड्यांत बघायची सोय लपलेली आहे. रीसेट करा, आणि सफरचंद दिसताच मधलं बटण आणि मागचं गाणं दाबून धरा. काळ्या-पांढऱ्या साध्या अक्षरांचा तपासणी मेन्यू उघडतो. त्यात मॅन्युअल टेस्ट, मग आयओ, मग हार्ड ड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा असं जा. ‘रीअलॉक्स’ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बाजूला काढून ज्यांच्या जागी राखीव जागा वापरली ते तुकडे. ‘पेंडिंग सेक्टर्स’ म्हणजे वाचता येत नाहीत पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. दोन्ही शून्याजवळ असतील तर डिस्क बरी, आणि संशय पट्टी, बॅटरी किंवा फाइलींकडे न्यावा. आकडे शेकड्यांत असतील, किंवा काही दिवसांच्या अंतराने पाहिल्यावर वाढलेले दिसले, तर रिस्टोअरचा नाद सोडा. या मेन्यूतून बाहेर यायला पुन्हा मेन्यू आणि मधलं बटण.

डिस्कचे आकडे चांगले आणि तरी प्लेअर मध्येच विझतो, चार्ज निम्मा दाखवत असताना बंद पडतो, किंवा डिस्क फिरायला लागली की नव्याने सुरू होतो, तर ते लक्षण बॅटरीचं. डिस्क सुरू होताना एकदम जास्त वीज लागते, थकलेल्या बॅटरीचा दाब त्या क्षणी कोसळतो आणि प्लेअर मरतो. चार्जर लावून ठेवल्यावर तेच गाणं तासभर विनातक्रार वाजलं तर निदान पक्कं. पाठीचं झाकण फुगलेलं, पडद्यावर डाग, कड उघडलेली असं काही दिसलं तर मात्र चार्जिंग ताबडतोब थांबवा. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, उघडी पडली तर घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. पहिल्या पिढीच्या नॅनोत बॅटरी तापण्याचा धोका असल्यामुळे ॲपलने नोव्हेंबर २०११ मध्ये जगभर तो बदलून देण्याची योजना काढली होती. सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकलेला तो मॉडेल अजून कुणाच्या खणात असेल तर त्याच्यावर प्रयोग करत बसू नये.

डिस्क गेलेल्या क्लासिकला दुसरी तशीच जुनी डिस्क घालण्यात मला शहाणपण दिसत नाही. तीही तितकीच म्हातारी असणार. त्याऐवजी हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवणारा छोटा अडॅप्टर मिळतो. फिरणारा भागच उरत नाही, बॅटरी जास्त टिकते आणि धक्क्यांची भीती जाते. एक गोष्ट आधी बघून घ्या: २००७ आणि २००८ चे क्लासिक साधारण १२८ जीबीच्या पुढची जागा ओळखत नाहीत, २००९ च्या १६० जीबीवाल्याला ही अडचण नाही. आणि कार्ड विश्वासू घ्या, कारण क्षमता खोटी छापलेलं कार्ड नेमकं ठराविक जागेपर्यंत भरल्यावर दगा देतं. कार्ड बसवण्याआधी संगणकावर ते पूर्ण भरून आणि परत वाचून तपासून घ्या.

पाठ उघडायची असेल तर क्लासिकचं झाकण सगळ्यात चिवट. धातूच्या कडेला आतून अडकवण्याच्या छोट्या हुकांची रांग असते आणि पहिल्यांदाच उघडताना कड थोडी वाकतेच. आत बॅटरी आणि हेडफोनच्या जागेच्या पट्ट्या झाकणाला जोडलेल्या असतात, म्हणून झाकण झटक्यात दूर ओढायचं नाही. नुसती हार्ड डिस्कची पट्टी काढून, नीट सरळ बसवून, तिच्या जोडणीची खिटी लावल्यावरही काही प्लेअर सुधारतात, तेव्हा नवीन भाग आणण्याआधी तेवढं करून बघा.

दुरुस्तीनंतर एका दमात सगळा संग्रह ओतू नका. आधी शंभरेक गाणी भरा, इजेक्ट करून केबल काढा, आणि चार्जरवर न लावता यादी रात्रभर वाजत ठेवा. सकाळी वाजत असेल, किंवा निव्वळ बॅटरी संपून थांबला असेल, तर पुढचा गठ्ठा भरायचा. क्लासिक असेल आणि मूळ डिस्क अजून आतच असेल, तर रीअलॉक्स आणि पेंडिंग सेक्टर्स या दोन आकड्यांची नोंद कुठेतरी करून ठेवा आणि संग्रह भरून झाल्यावर ते पुन्हा बघा.